नाताळाला बारा, गणपतीला किती?

१९६७ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ताणांना चक्क गुण दिले. एकूण ४३ प्रसंग. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, तुरुंगवास ६३, लग्न ५०, नोकरीवरून हकालपट्टी ४७. लग्न करण्यापेक्षा नोकरी जाणं तीन गुणांनी जास्त सोसवतं हे अशा रीतीने कागदावर आलं. विवाहित मंडळींनी त्यावर जाहीर मत देणं टाळलं. साहेबाशी खटका उडाला तर २३, सासरच्यांशी उडाला तर २९. मोठं यश मिळालं तरी २८! सुट्टीवर जाणं १३ आणि नाताळ १२. वर्षाची बेरीज ३०० च्या वर गेली की आजारपणाचा धोका बराच वाढला, असा त्यांचा हिशोब.

यादी अभ्यासाने केलेली आहे, तिचा दाखला आजही दिला जातो. फक्त एक गोष्ट उघड दिसते. दोघांपैकी एकानेही गणपतीला मुंबईहून रत्नागिरीला जायचा प्रयत्न केलेला नव्हता.

नाताळ बारा गुणांत आटपतो, कारण तिकडे सण घरी पोचल्यावर सुरू होतो. कोकणात पोचणं हाच निम्मा सण. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे चाकरमान्याच्या काळजीचे दोन महिने वाचले, पण उरलेले दोन आणखी दाट झाले. डोंबिवलीतल्या कुठल्याही कोकणी घरात त्या सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना डोकावावं. बाबा लॅपटॉपवर, मुलगा मोबाइलवर, सुनेच्या हातात ओटीपी येणारा फोन, आजी देवापुढे. कुणी शिंकायचं नाही, कुणी पंख्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. आठ वाजतात, पडद्यावरचं चाक गरगरतं, आजी आतून ‘मिळालं का रे?’ विचारते, आणि तेवढ्यात कोकणकन्येची वेटिंग लिस्ट एखाद्या ग्रामपंचायतीच्या मतदारयादीएवढी झालेली असते. मग पुढचा तासभर घरात एकच चर्चा: मुलाने बोट उशिरा दाबलं की बाबांनी पासवर्ड चुकवला?

तिकीट मिळालंच तर पुढे पावसाळी वेळापत्रक. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला, डोंगर पोखरून आणि दऱ्या ओलांडून. त्या डोंगरांना पावसात खाली यायची हौस असल्यामुळे जूनच्या मध्यापासून गाड्या वीर ते कणकवली ताशी ७५ किलोमीटरच्या आत चालवतात, पाऊस फार झाला तर ४०. यात एक लाभ आहे, तो कुणी लक्षात घेत नाही. रत्नागिरी यायच्या जरा आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. पंचाहत्तरच्या वेगाने तो पार करायला सव्वापाच मिनिटं लागतात. रेंज जाते. व्हॉट्सॲपवरची दोन राखाडी टिकमार्कंही उमटत नाहीत. खिडकीबाहेर काळोख, आत ट्यूबलाइट, आणि समोरच्या बाकावरचा माणूस पनवेलनंतर पहिल्यांदाच आपल्या बायकोकडे बघतो. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये याच कामासाठी आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम काढला. कोकण रेल्वे तो जनरलच्या तिकिटात देते.

रस्त्याने येणाऱ्यांबद्दल काय लिहावं! मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर आता पदवीच्या उंबरठ्यावर आहे. महामार्ग अजून प्रॅक्टिकलची तारीख मागतो आहे.

आणि या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला, रत्नागिरीतल्या घरात, वहिनी असतात. गावात राहिलेल्या भावाची बायको. तिच्या ताणाला कुठल्याच यादीत रकाना नाही. फोन येतो, ‘वहिनी, आम्ही निघालो हां, पनवेल सोडलं.’ मग माणगाव. मग बराच वेळ माणगावच. मग कशेडी, मग परशुराम घाट, मग ‘वहिनी, हातखंब्याला आलो, भात टाका.’ वहिनींनी भात दोनदा टाकून दोनदा घरच्यांना वाढलेला असतो. पाहुणे किती, हे शेवटपर्यंत ठरत नाही. सातचे अकरा होतात, आणि अकरांपैकी एकाला कांदा-लसूण चालत नाही, एक ग्लुटेन खात नाही. (तांदळाच्या उकडीत ग्लुटेन नसतं, हे कळल्यावर तो एकवीस मोदक खातो.) उकड गरम असतानाच मळायची, पारी पातळ हवी, पाकळ्या सारख्या यायला हव्यात, हळदीची पानं परसात आहेत ती कुणीतरी आणायला हवीत. आणि नेमक्या त्या वेळी मुंबईची जाऊबाई ओट्याला टेकून म्हणते, ‘तुमचं बाई बरं आहे, इथे कसलं टेन्शनच नाही. नाहीतर आमचं मुंबईत…’ वहिनींच्या हातातल्या मोदकाचं नाक तेवढं जोरात दाबलं जातं.

होम्स-राहेंनी कुटुंबाच्या भेटीगाठींत बदल झाला तर १५ गुण ठेवलेत. तो भेटी कमी-जास्त होण्याचा ताण. अकरा माणसं, एक न्हाणीघर आणि दीड दिवस यांच्या भेटीचा ताण त्यांनी मोजलेला दिसत नाही.

पण रत्नागिरीत ताणाचं सगळ्यात मोठं पीक म्हणजे आंबा. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आले. मानांकनाचा कागद मिळाला, झोप मिळाली नाही. दिवाळी सरली की बागायतदार जे आभाळाकडे बघायला लागतो, तो मृग लागेपर्यंत मान खाली घेत नाही. थंडी पडली नाही तर मोहोर येणार नाही. थंडी पडून मोहोर आला तर तुडतुडा येणार. तुडतुड्यावर फवारलं तर फुलकिडी. ती आटोक्यात आली तर मळभ, आणि मळभाच्या पाठीला भुरी. यातून कणी धरली, वाटाण्याएवढी झाली, सुपारीएवढी झाली, की ऐन वेळी पुन्हा थंडीची लाट. लोक स्वेटर काढतात आणि खूश होतात, बागायतदार घाबरतो. कारण झाडाला पुन्हा मोहोर फुटतो, आणि नव्या मोहोराच्या नादात झाड आधीची फळं गाळून टाकतं. एवढं सगळं सोसून जे फळ हाताशी येतं, त्याची पहिली चव वानरं घेतात. ती एक आंबा खाऊन तृप्त झाली असती तरी एकवेळ चाललं असतं. पण वानर परीक्षकासारखं वागतं: दहा आंब्यांचा एकेक चावा घेऊन दहाही खाली टाकतं. राखणीला नेपाळहून आलेले गुरखे असतात, फटाके असतात, डबे वाजवणं असतं. आठवडाभराने वानरं फटाक्याला ओळखायला लागतात.

मग पेटी भरून वाशीच्या बाजारात जाते. तिथे काय दर फुटणार, हे बागेत बसून कळत नाही. दुसऱ्या राज्यातला आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून आपल्याच शेजारच्या गाळ्यावर बसलेला असतो. आणि हे सगळं सुखरूप पार पडलं तरी शेवटी साका आहेच. साल केशरी, वास घमघमीत, देठ जागच्या जागी. कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. ज्याच्याकडे भेट म्हणून पाठवलेला असतो, त्याच्याकडेच तो नेमका निघतो.

अशा बागायतदाराने रक्तदाबाची गोळी घेऊन पडून राहायला हवं. तो तसं करत नाही, कारण त्याच्याकडे एक जुनं औषध आहे. त्याला कधीही विचारा, ‘काय, यंदा आंबा कसा?’ उत्तर ठरलेलं: ‘यंदा आंबा नाही.’ झाड वाकलेलं दिसत असलं तर ‘आहे, पण दर नाही.’ दरही बरा असला तर क्षणभर थांबून, ‘बघू आता, पाऊस ठेवतो का ते.’ रत्नागिरीत आंबा चांगला आहे असं बागायतदाराने स्वतःच्या तोंडाने म्हटल्याचं ऐकिवात नाही. हा नुसता खवचटपणा नव्हे. १९८६ साली ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांनी असं दाखवलं की काही माणसं वाईटच होणार असं आधी धरून चालतात, त्याच्या तयारीला लागतात, आणि त्यामुळेच त्यांचं काम नीट होतं. त्यांना बळेच आशावादी करायला गेलं तर उलट बिघडतं. रत्नागिरीच्या कुठल्याही पडवीत हे संशोधन चहाच्या एका कपात उरकलं असतं.

जुन्या माणसांत होम्स-राहेंच्या पट्टीवर रत्नागिरीतलं पहिलं बक्षीस कुणाला द्यायचं? सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. पण त्यांनी त्या काळात इतकी कामं काढली की ताण त्यांच्यापेक्षा गावातल्या सनातनी मंडळींनाच जास्त आला असावा. खरा मानकरी ब्रह्मदेशचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये राजा सहकुटुंब रत्नागिरीत उतरला. आता बेरीज करू. बंदिवास ६३. नोकरी गेली, आणि तीही राजाची, ४७. आर्थिक स्थितीत बदल ३८. राहणीमानात बदल २५. घर बदललं २०. निघताना राणी सुपयालत गरोदर होती, ४०. वाटेत मद्रासला तिसरी मुलगी झाली, घरात नवं माणूस, ३९. पुढे रत्नागिरीत कर्जं झाली, दागिने विकायची पाळी आली; कर्जाचे ३१. एकूण ३०३. तीनशेची रेघ ओलांडणारा हा गृहस्थ त्यानंतर तीस वर्षं इथे राहिला. त्याच्यासाठी राजवाडा बांधून पुरा झाला १९१० मध्ये, म्हणजे तो आल्यावर चोवीस वर्षांनी. सरकारी बांधकामाचा हा वेग रत्नागिरीकरांना अजूनही घरचा वाटतो. त्या राजवाड्यात थिबा जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. दुर्बीण लावून तो समुद्रावरच्या बोटी बघत बसायचा असं सांगतात. आज त्याच्याच नावाच्या थिबा पॉइंटवर संध्याकाळी भाट्याची खाडी बघत माणसं डोकं हलकं करायला येतात. त्यातली निम्मी खाडीकडे पाठ करून सेल्फी काढतात.

उपायांच्या बाबतीत कोकण कुणाला हार जाणार नाही. डोकं धरून एकट्याने बसायचं ही पद्धत इथे कधी रुजलीच नाही. इथे ताण जाहीरपणे दुसऱ्याच्या हवाली करतात. गाऱ्हाणं हा त्यातला सगळ्यात तयार झालेला प्रकार. ग्रामदेवतेसमोर किंवा पालखी अंगणात आली की गावातला जाणता माणूस नारळ हातात धरून उभा राहतो आणि खड्या आवाजात सुरू करतो:

‘बा म्हाराजा, आज ही मुंबैची लेकरं तुझ्या पायाशी आली हायत. तेंची काय चूकभूल झाली असंल ती पदरात घे!’

‘व्हय म्हाराजा!’

‘धाकट्याची नोकरी परमनंट होऊ दे!’

‘व्हय म्हाराजा!’

‘मोठ्याच्या परतीच्या तिकटाचं काय ता बघ!’

‘व्हय म्हाराजा!’ हा शेवटचा होकार सगळ्यात मोठा.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं दुःख कागदावर लिहायला लावलं आणि नंतर त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झालेल्या आढळल्या. गाऱ्हाण्यात कागद लागत नाही आणि पंधरा मिनिटंही लागत नाहीत. शिवाय त्यात एक सोय अशी, की ऐकणारे नुसते ‘व्हय’ म्हणतात. सल्ला कुणी देत नाही. ‘मी तुझ्या जागी असतो तर’ हे वाक्य गाऱ्हाण्यात कधी ऐकू येत नाही. समुपदेशनाची फी एक नारळ, तोही फोडून परत वाटला जातो.

शिमग्यात तर गावंच्या गावं होळीभोवती घसा बसेपर्यंत बोंबा मारतात. वर्षभर ज्याच्याशी बांधावरून धुसफुस चालू असते, त्याच्या नावाने शंख करायचा परवाना त्या रात्री असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच खांद्याला खांदा लावून पालखी नाचवायची असते. घराच्या वाटणीचा ताण कोर्टाच्या हवाली असतो. सातबारावर आजोबा, चुलत आजोबा, त्यांचे वारस आणि वारसांचे वारस मिळून एवढी नावं असतात, की जमीन गुंठ्यात मोजायची की माणसात, असा प्रश्न पडावा. वाटपाचा दावा एकदा गुदरला की माणूस निर्धास्त होतो. कुणी विचारलं तर ‘कोर्टात आहे’ म्हणायचं आणि जेवून झोपायचं. झोपेवरून आठवलं: ऐन दुपारी रत्नागिरीच्या बाजारात खरेदीला येणारा माणूस हमखास बाहेरगावचा. अर्धी शटरं खाली असतात आणि मालक घरी आमसुलाचं सार पिऊन आडवा झालेला असतो. ऑनलाइन कंपन्यांनी ही झोप बरीच नासवली आहे, ते वेगळं.

एक विनोद मात्र कोकणात फार चालतो आणि त्याचं आता हसू येत नाही. कुणी जरा विचित्र वागला, गप्प राहू लागला, की ‘याला रत्नागिरीला न्यायला हवा.’ राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे; बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. खुद्द रत्नागिरीकराची यात पंचाईत होते: तो आधीच रत्नागिरीत असतो, त्याला आणखी कुठे न्यायचं? पण या एका वाक्यापायी कित्येक माणसं डॉक्टरकडे जायचं टाळतात. झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागेना, तर ते नारळाने आणि दुपारच्या झोपेने भागत नाही. त्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. वाशीचा दर विचारायला दिवसातून चार फोन करणाऱ्यांनी पाचवा तिथे करायला हरकत नसावी.

तणावमुक्तीच्या कार्यशाळा आता रत्नागिरीतही भरतात. साधारण चित्र असं: सभागृह, वर खडखडणारा पंखा, समोर पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक मॅडम. खुर्च्यांवर एक बँकेतल्या बाई, दोन शिक्षक, एक निवृत्त तलाठी, एक बागायतदार आणि मिरकरवाड्याचा एक बोटवाला. बोटवाला आलाय, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि या ६१ दिवसांत घरातले लोक त्याला कुठे ना कुठे पाठवत असतात.

‘डोळे मिटा,’ मॅडम सांगतात. ‘दीर्घ श्वास. आता कल्पना करा, तुम्ही एका शांत समुद्रकिनाऱ्यावर उभे आहात.’

थोडी शांतता. मग मागून तलाठीभाऊ: ‘कुठला हो मॅडम? भाट्ये की मांडवी?’

‘कुठलाही. तुमच्या आवडीचा.’

‘नाही, भाट्याला हल्ली फार गर्दी असते, म्हणून विचारलं.’

‘आरे-वारे घ्या ना,’ बँकेतल्या बाई मिटल्या डोळ्यांनी सुचवतात.

‘तिथे पुण्याच्या गाड्या,’ एक शिक्षक म्हणतात, आणि मॅडमना उद्देशून, ‘तुम्हाला नाही हो.’

बोटवाल्याने डोळे उघडलेले असतात. ‘मॅडम, समुद्र तेवढा काढा. आगाऊ उचल घेऊन पळालेला खलाशी दिसायला लागला.’

मॅडम अनुभवी असतात, डगमगत नाहीत. ‘बरं. समुद्र नको. आपण एका आंब्याच्या बागेत उभे आहोत. मंद वारा आहे, झाडं मोहोरली आहेत…’

‘वारा कुठला?’ बागायतदार ताडकन विचारतो. ‘मळभ आहे का?’ आणि उत्तराची वाट न बघता तो फवारणीवाल्याला फोन लावायला बाहेर जातो.